पेटी कोणी केली?

आज बहुतेक घरांत सुई-दोरा सापडतो तो बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात. त्यातच बटणे, हुक, एखादी गंजलेली कात्री आणि टाचण्या. आपल्या आजी-पणजीच्या काळी स्त्रीच्या स्वतःच्या वस्तूंसाठी वेगळी लाकडी पेटी असे. ती म्हणजे फणेरपेटी. झाकणाच्या आतल्या अंगाला आरसा, खाली फणी, कुंकवाचा करंडा आणि मेण यांसाठी लहान लहान कप्पे. एवढ्याशा जागेत दहा वस्तू न सांडता, न मिसळता कशा राहतील याचा विचार त्या पेटीच्या सुताराने केलेला असे.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या सुखवस्तू घरांत अशीच एक पेटी शिवणकामासाठी असे. शिवणयंत्र अजून यायचे होते. कपडे शिवणे, रफू करणे, भरतकाम करणे हा घरातल्या स्त्रियांचा रोजचा उद्योग होता, आणि ज्या पेटीत त्याचे साहित्य राही ती पेटी पाहुण्यांच्या नजरेस पडेल अशी दिवाणखान्यात ठेवली जाई. अशा पेट्यांपैकी फार मागणी असलेला एक प्रकार इंग्लंडात 'बॉम्बे बॉक्स' या नावाने ओळखला जात असे. म्हणजे आपल्या मुंबईची पेटी. आज या पेट्या जगातल्या अनेक वस्तुसंग्रहालयांत आहेत. आपल्याकडे मात्र शाळेच्या पुस्तकात त्यांचा उल्लेख सहसा आढळत नाही.

या लेखात आम्ही ही पेटी उघडून पाहणार आहोत. ती कशी केली, कशापासून केली आणि कोणी केली, असे तीन प्रश्न तिला विचारू. पहिल्याचे उत्तर भूमितीत आणि पदार्थविज्ञानात आहे, दुसऱ्याचे भूगोलात आहे. तिसऱ्याचे उत्तर इतिहासाने द्यायला हवे होते. ते त्याने का दिले नाही, याचाही विचार करू.

लाकूड गप्प बसत नाही

पेटीकडे वळण्यापूर्वी लाकडाविषयी थोडे. नाशिकच्या जुन्या वाड्यांत राहिलेल्यांना एक अनुभव नक्की असेल. चैत्र-वैशाखात सहज लागणारा दरवाजा आषाढात चौकटीत अडकतो. तो फुगतो. पाऊस संपून हवा कोरडी झाली की पुन्हा सैल होतो. झाड तोडून शंभर वर्षे झाली तरी त्याचे लाकूड हवेतले पाणी घेत आणि सोडत राहते, आणि त्याप्रमाणे त्याचा आकार बदलत राहतो.

पण हा बदल सगळ्या दिशांना सारखा नसतो. लाकडाच्या पेशी खोडाच्या उभ्या दिशेने लांबट नळ्यांसारख्या असतात. पाणी शिरते ते या नळ्यांच्या भिंतींत. त्यामुळे भिंती जाड होतात, नळीची लांबी मात्र जवळजवळ तशीच राहते. ओले लाकूड पूर्ण वाळेपर्यंत सर्वसाधारणपणे ते लांबीत फक्त ०.१ ते ०.२ टक्के आटते. खोडाच्या केंद्रापासून सालीकडे, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने, ते सुमारे ४ टक्के आटते आणि वर्तुळाकार वलयांच्या दिशेने सुमारे ८ टक्के. झाडाच्या जातीप्रमाणे हे आकडे कमीजास्त होतात. सागाचे आकडे यापेक्षा कमी असतात, आणि तो आपल्याकडे दारा-खिडक्यांसाठी पसंत केला जातो त्याचे हे एक कारण आहे. ३० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद अशी ओली फळी घेतली, तर ती वाळताना लांबीत एक मिलिमीटरसुद्धा कमी होणार नाही, पण रुंदीत दोन सेंटिमीटरांहून अधिक कमी होऊ शकेल.

म्हणून लाकडाची पेटी करणारा प्रत्येक सुतार एका अडचणीला तोंड देत असतो. त्याने जोडलेले तुकडे पुढची शंभर वर्षे वेगवेगळ्या दिशांनी हलणार आहेत. तो त्यांना हलू देईल, की दाबून ठेवील?

शेकरांची पेटी

या अडचणीचे एक सुंदर उत्तर अमेरिकेतल्या शेकर पंथाने शोधले. ॲन ली या स्त्रीच्या नेतृत्वाखाली १७७४ साली काही मंडळी इंग्लंडमधून अमेरिकेत आली. ब्रह्मचर्य, सामाईक मालमत्ता, स्त्री-पुरुषांची समानता आणि श्रम हीच उपासना, अशी त्यांची जीवनपद्धती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या पंथाचे काही हजार अनुयायी होते आणि त्यांची स्वतःची गावे होती. त्यांच्या सुतारकामात नक्षी नसे. वस्तू ज्या कामासाठी आहे ते काम तिने नीट करावे, एवढीच अपेक्षा.

त्यांची लंबगोल पेटी प्रसिद्ध आहे. मेपल लाकडाची दोन-एक मिलिमीटर जाडीची लांब पट्टी घ्यायची, ती गरम पाण्यात भिजवायची आणि लाकडी साच्याभोवती गुंडाळायची. लाकडाच्या तंतूंना एकत्र धरणारे लिग्निन हे द्रव्य उष्णता आणि ओलावा मिळाला की मऊ पडते, म्हणून पट्टी न मोडता वाकते. थंड होऊन वाळली की तो आकार टिकतो. पट्टीची टोके एकमेकांवर येतात तेथे शेकर सुतार वरच्या टोकाला बोटांसारखे निमुळते भाग कापत आणि ती बोटे तांब्याच्या बारीक चुकांनी पक्की करत. तांब्याच्या अशासाठी की लोखंड गंजते आणि लाकूड काळे पडते.

ही बोटे शोभेची नाहीत. पट्टीची कड सरळ ठेवून ती ओळीने चुका मारून जखडली असती, तर हवामान बदलताना लाकडाला फुगायला जागा मिळाली नसती. ते चिरले असते किंवा उचलले गेले असते. सुटी बोटे आपापल्या जागी थोडी फुगतात आणि थोडी आटतात. लाकडाला हलू द्या, असे हे उत्तर आहे.

पुढे याच पेटीला कडी बसवून, आत रेशमी अस्तर लावून, टाचण्यांची गादी, सुयांची घडी आणि दोऱ्याला लावायचे मेण बांधून तिची शिवणपेटी झाली. लाकूडकाम पुरुष करत, अस्तर आणि आतली मांडणी स्त्रिया करत. पंथातले पुरुष कमी होत गेले तेव्हा या पेट्यांच्या विक्रीचा वस्त्यांना मोठा आधार झाला. मेन राज्यातल्या सॅबथडे लेक या वस्तीतले डेल्मर विल्सन यांचे १९२३ मधले एक छायाचित्र आहे. एका हिवाळ्यात त्यांनी केलेल्या १,०८३ पेट्या त्यात रचून ठेवलेल्या दिसतात.

एकदा जुळवा, शंभरदा कापा

मुंबईची पेटी दिसायला याच्या अगदी उलट. तिचा इंच न् इंच नक्षीने भरलेला. चंदनाची पेटी, उतरत्या कडांचे झाकण, आत उचलून काढता येईल असा तबकासारखा कप्पा, त्यात दोऱ्याची हस्तिदंती रिळे, सुयांची नळी, अंगुस्तान आणि टाचण्यांची गादी यांच्या जागा. बाहेरून पाहिले तर काळ्या, पांढऱ्या, हिरव्या, तांबड्या आणि चंदेरी ठिपक्यांची षट्कोनी फुले. प्रत्येक ठिपका एक-दोन मिलिमीटरांचा. असे हजारो ठिपके, आणि प्रत्येक फूल शेजारच्या फुलासारखेच. हे ठिपके एकेक करून बसवले असतील असे प्रथम वाटते. तसे ते बसवलेले नाहीत.

या कामाला 'सादेली' म्हणतात. ते समजून घेण्यासाठी स्वयंपाकघरातले उदाहरण पुरेसे आहे. अळुवडी करताना आपण पाने थरावर थर लावून एकदाच गुंडाळतो. मग सुरीने काप काढतो. प्रत्येक कापावर तोच वळसा आयता येतो. कोणी एकेका वडीवर वळसा काढत बसत नाही.

सादेलीचा कारागीर हेच करतो. चंदन, शिसवी किंवा आबनूस, पतंगाचे तांबडे लाकूड, हस्तिदंत, सांबराचे शिंग आणि कथील यांच्या तो लांब, बारीक काड्या करतो. बऱ्याच काड्यांचा छेद त्रिकोणी असतो. रंगांचा क्रम ठरवून या काड्या सरसाने डकवून त्यांची जुडी बांधतो आणि ती दोऱ्याने घट्ट आवळून वाळू देतो. नक्षी आता जुडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आरपार आहे. मग बारीक दातांच्या करवतीने जुडीचे आडवे काप काढायचे. प्रत्येक काप म्हणजे एक तयार फूल. हे काप पेटीच्या लाकडावर शेजारी शेजारी डकवायचे, घासून सपाट करायचे आणि पॉलिश करायचे.

हिशेब करून पाहू. छेद समभुज त्रिकोणाचा असलेल्या काड्यांपासून षट्कोन करायचा आहे. बाजू एका काडीएवढी असेल तर ६ काड्या लागतात. बाजू दोन काड्यांएवढी असेल तर २४, तीन असेल तर ५४. सूत्र सोपे आहे : बाजू न असेल तर काड्या ६ × न². समजा ५४ काड्यांची जुडी ३० सेंटिमीटर लांब आहे. कापाची जाडी १ मिलिमीटर आणि करवतीने भुसा होऊन जाणारे अर्धा मिलिमीटर धरले, तर एका जुडीतून २०० काप मिळतील. म्हणजे ५४ काड्या एकदा जुळवल्या की १०,८०० त्रिकोण आपापल्या जागी बसले! एकेक तुकडा बसवायचा म्हटले असते तर या कामाला किती दिवस लागले असते याचा अंदाज विद्यार्थ्यांनाच करू द्यावा.

मात्र या वेळेच्या बचतीची किंमत अचूकतेने मोजावी लागते. एका बिंदूभोवती ६० अंशांचे सहा कोन मिळून ३६० अंश होतात. प्रत्येक काडीचा कोन ६० ऐवजी ५९ अंशांचा झाला, तर सहा काड्यांनंतर ६ अंशांची फट उरेल. ६१ झाला तर सहावी काडी बसणारच नाही. चूक एका ठिकाणी राहत नाही, ती साठत जाते. हा कारागीर कोनमापक घेऊन बसत नसे. त्याच्या कानशीला आणि बोटांना ६० अंश ठाऊक होते.

आता लाकडाच्या हालचालीचा प्रश्न. काड्या लाकडाच्या उभ्या दिशेने काढलेल्या आणि काप आडवे घेतलेले, त्यामुळे पेटीच्या पृष्ठभागावर दिसतात ती लाकडाची कापलेली टोके. ही टोके दोन्ही दिशांना थोडी फुगतात, आणि खालची फळी मात्र एकाच दिशेने हलते. भांडण ठरलेलेच. पण प्रत्येक तुकडा इतका लहान आहे की त्याचे फुगणेही नगण्य. मधे मधे कथील आणि हस्तिदंत आहे, आणि जोडांमधला सरस थोडा ताण सोसतो. एक मोठा पत्रा उचलला गेला असता, तेथे हजार ठिपके तग धरून राहतात. तरीही दमट मुंबईत केलेली पेटी इंग्लंडातल्या शेकोटीच्या कोरड्या खोलीत गेली की खालची फळी आटे, आणि मग कडेचे तुकडे सुटत. जुन्या पेट्यांच्या कडांवर अशी रिकामी घरे बऱ्याचदा दिसतात. शेकरांनी लाकडाला वाट करून दिली, मुंबईच्या कारागिराने त्याची हालचाल हजार ठिकाणी वाटून टाकली.

शिराझ, सुरत, मुंबई

ही कला मूळची इराणची. तेथे तिला 'खातम' म्हणतात आणि शिराझ हे तिचे जुने केंद्र. जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० साली प्रसिद्ध झालेल्या हिंदुस्थानच्या औद्योगिक कलांवरील आपल्या ग्रंथात ती शिराझहून सिंधमध्ये, तेथून सुरतेला आणि सुरतेहून मुंबईला आल्याचे नोंदले आहे. वापरल्या जाणाऱ्या पदार्थांची यादीही तेथे मिळते. नक्षीच्या प्रकारांना 'गुल' म्हणत. त्रिकोणी, चौरस, वाटोळे असे त्याचे भेद होते. गुल म्हणजे फारसीत फूल. शब्द कलेबरोबर प्रवास करतात याचे हे उदाहरण.

सुरतेचा व्यापार मुंबईकडे सरकला तसे कारागीरही सरकले. त्यांत हिंदू होते आणि पारशीही. कंपनीचे अधिकारी आणि त्यांच्या बायका हे मुख्य गिऱ्हाईक. पेटीचा आकार इंग्रजी, कप्पे इंग्रजी शिवणकामाच्या गरजेप्रमाणे, आणि पृष्ठभाग शिराझ-सुरतेचा, असा मेळ जमला. १८५१ साली लंडनला जे मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले, त्यात हिंदुस्थानच्या दालनात मुंबईचे हे जडावकाम मांडलेले होते. मजेची गोष्ट अशी की, त्याच सुमारास इंग्लंडातल्या टनब्रिज वेल्स या गावातले कारागीरही रंगीत लाकडांच्या काड्यांच्या जुड्या बांधून, काप काढून पेट्या सजवत होते. एकच कल्पना जगाच्या दोन टोकांना कामाला येत होती.

पेटीत मावलेला महासागर

आता दुसरा प्रश्न : पेटी कशापासून केली? चंदन म्हैसूर आणि कानडा मुलखातले. पतंगाचे लाकूड मलबारकडचे. कथील मलाया द्वीपकल्पाच्या बाजूचे. हिरवा हस्तिदंत मुळात हिरवा नसतो. हस्तिदंताला हिरवा रंग देण्याची जुनी, सर्वत्र चालणारी रीत म्हणजे तांब्याचे क्षार वापरणे. तांब्याच्या भांड्यात आंबट ठेवले की जो हिरवा थर धरतो, त्याच जातीचा हा रंग.

आणि हस्तिदंत? तो मोठ्या प्रमाणावर पूर्व आफ्रिकेतून येई. आफ्रिकेच्या अंतर्भागात हत्ती मारले जात, सुळे माणसांच्या डोक्या-खांद्यांवरून शेकडो मैल चालत किनाऱ्यावर आणले जात आणि झांजिबार बेटावरून गलबतांनी मुंबईस येत. ओझी वाहणारे काही मजुरीवर असत, काही गुलाम असत. हस्तिदंताच्या व्यापाराच्या वाटा आणि गुलामांच्या व्यापाराच्या वाटा बऱ्याच ठिकाणी एकच होत्या.

या जागी नाशिक शहर आपल्या गोष्टीत येते. गुलामांना घेऊन जाणारी गलबते ब्रिटिश आरमार पकडी आणि सुटका झालेल्या माणसांना, विशेषतः मुलांना, मुंबईत उतरवी. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ साली नाशिकजवळ शरणपूर ही वस्ती वसवली होती. १८६० पासून या आफ्रिकी मुलांना तेथे ठेवण्यात येऊ लागले. नाशिकच्या शरणपूर रस्त्यावरून आज रोज हजारो लोक जातात, त्या नावामागे ही वस्ती आहे. तेथे मुलांना लिहिणे-वाचणे शिकवत आणि त्याबरोबर सुतारकाम, लोहारकाम असे हातचे धंदेही शिकवत.

१८६५ साली डेव्हिड लिव्हिंगस्टन मुंबईला आले तेव्हा शरणपूरचे नऊ तरुण त्यांच्या आफ्रिकेच्या मोहिमेत सामील झाले. पुढे १८७२ मध्ये त्यांच्या मदतीला आणखी काही जण गेले, त्यांत जेकब वेनराइट होता. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी, आज झांबियात असलेल्या चितांबो येथे लिव्हिंगस्टन वारले. त्यांचा देह मायदेशी पोचवायचा असे बरोबरच्या माणसांनी ठरवले. त्यांनी एका झाडाची साल सलग सोलून तिची नळी केली, देह तीत ठेवला, वरून शिडाचे कापड शिवले आणि ते ओझे खांद्यांवर वाहून महिनोन्‌महिने चालत किनारा गाठला. जेथे लिव्हिंगस्टन यांचे हृदय पुरले, त्या झाडावर नाव आणि तारीख कोरली ती जेकबने. नाशिकच्या शाळेत शिकलेल्या मुलाने. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये अंत्यविधी झाला तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत तो होता. त्यानंतर थोड्याच काळात शरणपूरचे बरेच आफ्रिकी रहिवासी मोंबासाजवळ नव्याने वसवलेल्या फ्रीअरटाउन या वस्तीत गेले.

मुंबईच्या एखाद्या विशिष्ट पेटीतला हस्तिदंत आणि शरणपूरचे एखादे विशिष्ट मूल यांचा संबंध जोडावा असा आमचा हेतू नाही. पण दिवाणखान्यातली सुगंधी पेटी आणि गोदाकाठची ती शाळा, ही एकाच समुद्रव्यापाराची दोन टोके होती हे विद्यार्थ्यांना कळले पाहिजे. नकाशावर झांजिबार, मुंबई, सुरत, शिराझ, मलाया आणि लंडन या ठिकाणांना दोरे लावून पाहा. हिंदी महासागराचे एकोणिसावे शतक डोळ्यांसमोर उभे राहील.

नाव नसलेले हात

तिसरा प्रश्न राहिला. पेटी कोणी केली?

शेकरांच्या १८४५ च्या नियमावलीत असा नियम होता की, आपण केलेल्या वस्तूवर कोणी आपले नाव घालू नये. काम मोठे, करणारा लहान, ही त्यामागची श्रद्धा. तरीही शेकरांनी रोजनिशा आणि हिशेबाच्या वह्या ठेवल्या, म्हणून कोणत्या वस्तीत कोणी काय केले हे आज बरेच कळते. त्यांनी नाव आपणहून सोडले आणि इतिहासाने ते शोधून काढले.

मुंबईच्या बहुतेक पेट्यांवर कर्त्याचे नाव नाही, पण त्याचे कारण वेगळे आहे. त्यांना कोणी विचारलेच नाही. प्रदर्शनांच्या याद्यांत आणि संग्रहालयांच्या नोंदींत पदार्थ असतात, गाव असते, वर्ष असते, पेटी कोणी विकत घेतली हेही असते. ज्याच्या बोटांना ६० अंश ठाऊक होते त्याचे नाव सहसा नसते. शरणपूरच्या मुलांची गोष्ट आणखी निराळी. त्यांची नावे नोंदींत आहेत, पण ती वेनराइट, वेलिंग्टन, फॅरर अशी दुसऱ्यांनी दिलेली आहेत. आईने हाक मारली ते नाव गलबतावर चढण्यापूर्वीच मागे राहिले.

सादेलीच्या कारागिरांची एक खूण मात्र भाषेने जपून ठेवली आहे. गुजराती आणि पारशी आडनावांत 'पेटीगरा' असे एक आडनाव आहे. त्याचा अर्थच पेटी करणारा. मुंबईला धोबीतलावाजवळ, मेट्रो चित्रपटगृहाच्या बाजूस, कावसजी पेटीगरा यांचा पुतळा आहे. ते मुंबई पोलीस दलातले मोठे अधिकारी होते, जन्म सुरतेचा, १८७७ मधला. पुतळा अर्थातच पोलीस अधिकाऱ्याचा आहे. पण त्याच्या नावाच्या दगडात पेट्या करणाऱ्यांचा धंदाही कोरला गेला आहे.

हातांच्या मागचे डोके

हा धंदा उतरणीला लागला त्याची कारणे एकात एक गुंतलेली आहेत. १८४६ साली एलायस हो याने आणि १८५१ साली आयझॅक सिंगर याने शिवणयंत्राचे पेटंट घेतले. यंत्र घरोघर पोचले तशी दिवाणखान्यातल्या शिवणपेटीची गरज कमी झाली. स्वस्त वस्तूंची मागणी वाढली. पुढे हत्तींची संख्या धोक्यात आल्यावर भारतात १९८६ साली वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि १९९१ मध्ये आफ्रिकी हस्तिदंतालाही तीच बंदी लागू झाली. ही बंदी योग्यच आहे. पेटी कितीही सुंदर असली तरी तिच्यासाठी हत्ती मारावा असे आज कोणी म्हणणार नाही. सुरतेत मोजके कारागीर अजून सादेली करतात आणि हस्तिदंताऐवजी प्लॅस्टिकसारखे पदार्थ वापरतात. पदार्थ बदलला तरी पद्धत चालते, कारण पद्धतीचे बळ पदार्थात नव्हते.

ते कोठे होते? आपल्याकडे हाताने काम करणारा वेगळा आणि डोक्याने काम करणारा वेगळा, अशी वाटणी फार जुनी आहे. शाळेतही भूमितीचा तास वेगळा आणि कार्यानुभवाचा वेगळा. भूमितीचे गुण मोजले जातात, कार्यानुभवाचे बहुधा उरकले जातात. सादेलीची जुडी ही वाटणी खोटी ठरवते. एकदा जुळवून दोनशे वेळा कापणे ही कल्पना डोक्याची आहे. चूक साठत जाते हे ज्ञान भूमितीचे आहे. ताण लहान तुकड्यांत वाटून देणे हे पदार्थविज्ञान आहे. ज्याने हे साधले त्याने त्यावर पुस्तक लिहिले नाही, एवढाच फरक. ते त्याने मुलाला शेजारी बसवून शिकवले, आणि मुलाने दुसरा धंदा धरला तेव्हा ते ज्ञान तेथे थांबले.

वर्गात करून पाहण्यासाठी एक साधा प्रयोग सुचवतो. तीन रंगांची शाडू किंवा खेळण्याची माती घ्या. प्रत्येक रंगाच्या पेन्सिलीएवढ्या लांब वळ्या करा. दोन पट्ट्यांमध्ये दाबून त्यांना शक्य तितका समभुज त्रिकोणी आकार द्या. सहा वळ्या जुळवून षट्कोन करा, हलके दाबा आणि थोडा वेळ घट्ट होऊ द्या. मग ताणलेल्या दोऱ्याने काप काढा. सुरीपेक्षा दोरा चांगला, त्याने नक्षी चेपत नाही. काप कागदावर शेजारी शेजारी मांडा. षट्कोन फट न ठेवता जुळतात का? पंचकोन घेतले असते तर जुळले असते का? वरच्या वर्गांनी २४ वळ्यांचा प्रयत्न करावा आणि पहिल्या व शेवटच्या कापातला फरक मोजावा.

दुसरा उपक्रम इतिहासाचा. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातली हाताने केलेली एक जुनी वस्तू निवडावी. पाट, परात, जाते, गोधडी, फणेरपेटी, काहीही चालेल. ती कशी केली, कशापासून केली आणि कोणी केली, हे तीन प्रश्न घरच्या मोठ्यांना विचारून लिहून आणावे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुतेकांना मिळतील. तिसऱ्यासमोर जागा कोरी राहिली तर ती तशीच राहू द्यावी, पण वर्गात तिच्याविषयी बोलावे. आणि ज्या गोधडीखाली 'आजी' किंवा ज्या पाटाखाली गल्लीतल्या सुतारकाकांचे नाव येईल, ते नाव वहीत पूर्ण लिहून घ्यावे, गावासकट.